शेळीचा डिंकाचा लाडू

जनावर आजारी पडलं की आपल्याला डॉक्टर आठवतो, औषध आठवतं, गावात कुणी जाणतं असेल तर तेही आठवतं. पण काल गव्हाणीत काय पडलं होतं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारलाच तर घरातल्या पुरुषाला. आणि गव्हाण तर बाई भरते!

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. कळंब तालुक्यात आत्याच्या गावी लग्न होतं. रात्री उशिरापर्यंत पंगती उठल्या आणि सकाळी पातेल्यांच्या तळाशी ढीगभर भात, बुंदीचा चुरा, पोळ्यांचे तुकडे असं बरंच काही उरलं. आम्ही पोरांनी उत्साहानं ते टोपल्यांत भरलं आणि आत्याच्या शेळ्यांपुढे नेऊन ओतलं. "खाऊ द्या, त्यांच्याबी घरचं लगीन हाय," असं कुणीतरी हसत म्हणालंसुद्धा. शेळ्यांनी टोपली चाटूनपुसून साफ केली. आम्हाला कोण आनंद!

संध्याकाळी त्या शेळ्या उठेनात. पोटं तट्ट झालेली, रवंथ बंद, दात करकर खात मान टाकून बसलेल्या. रात्री ढाळ लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन शेळ्या गेल्या, त्यातली एक गाभण होती. पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पान लागलं असेल. आत्या काहीच बोलली नाही. आम्हा पोरांना ती एक शब्दही रागावली नाही. फक्त त्या जूनमध्ये तिच्या मधल्या मुलीचं नाव शाळेतून निघालं, ते का निघालं याचा अर्थ मला फार उशिरा लागला. शेळ्या म्हणजे आत्याची बँक होती, आणि ती आम्ही एका सकाळी बुडवली होती.

बऱ्याच वर्षांनी एका पशुवैद्यक डॉक्टरांशी बोलताना मी ही गोष्ट सांगितली, तर त्यांनी अर्ध्यातच मला थांबवलं. "भात घातला ना?" त्यांनी विचारलं. त्यांना नजरही नको होती आणि सापही.

ते त्यांनी समजावलं ते असं. शेळी काय, गाय काय, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे कोटीपोट. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. चारा आंबवायचं, पचवायचं काम तेच करतात. पाला, कडबा, गवत यावर ते जगतात. अशा पोटात एकदम भात, गहू, ज्वारी, गोडधोड असं पिष्टमय अन्न भरपूर गेलं की आम्ल तयार करणारे जीव भसाभस वाढतात, पोट आंबट होतं, चारा पचवणारे जीव मरतात, अंगातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं आणि ते आम्ल रक्तात उतरतं. जनावर पोटभर खाऊन मरतं. खायला आपण शेळीला घालतो असं आपल्याला वाटतं. खरं तर घालतो तिच्या पोटातल्या त्या जीवांना! त्यांना बदल सोसत नाही. म्हणून कोणताही नवा चारा, नवा खुराक आठ-दहा दिवसांत मुठीमुठीनं वाढवत न्यायचा. लग्नसराईत आणि सणावारी हा त्रास गावोगाव दिसतो, पुरणपोळीनंही होतो. असं काही घडलंच तर डॉक्टरांना फोन लावायचा आणि ते सांगतील तेवढा खाण्याचा सोडा पाण्यातून द्यायचा. सोडा तर प्रत्येकीच्या फडताळात असतो.

आत्याच्या फडताळातही होता. कुणी सांगितलंच नव्हतं.

नाव बदललं, शेळी तीच

2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण इथली शेळी मात्र 'उस्मानाबादी'च राहिली आहे, कारण जातीची नोंद त्या नावानं आहे. बहुतेक काळीभोर, लोंबत्या कानांची, अंगानं मध्यम, उन्हाला आणि उपासमारीला न डगमगणारी. पूर्ण वाढलेली मादी साधारण तीस-बत्तीस किलोची. जुळी करडं देण्यात तिची ख्याती. तुळजापूर तालुक्यात तीर्थ इथे शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथेही हीच जात सांभाळतात. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या मोजल्या गेल्या. त्या कुणाच्या दारात आहेत हे सांगायला गणना कशाला हवी? ज्यांच्याकडे जमीन थोडी किंवा अजिबातच नाही, त्यांच्या. आणि त्या घरात शेळीची जबाबदारी बाईची.

शेळीचा पैसाही बऱ्याच ठिकाणी बाईच्या हातात राहतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सोयाबीनची पट्टी नवऱ्याच्या नावावर येते, उसाचं बिल त्याच्या खात्यात जमा होतं. पण बकरी ईदच्या आधी विकलेल्या बोकडाचे पैसे पदराच्या गाठीत येतात. पोरीचं ॲडमिशन, सासूचा चष्मा, गळक्या पत्र्याची दुरुस्ती यातून होते. अशा घरात एक करडू मरतं तेव्हा नुसतं करडू मरत नाही.

आणि करडं मरतात. पुष्कळ मरतात. आजारानं मरतात असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा आजार शेवटी येतो. आधी काही महिने उपास झालेला असतो. दुबळ्या जनावराला जंत आवरत नाहीत, लशीचा गुणही नीट येत नाही. डॉक्टर इंजेक्शन देऊन जातात आणि मागे गव्हाण रिकामीच राहते. मग "औषधानं गुण आला नाही" म्हणायला आपण मोकळ्या.

गाभणीच्या ताटात काय?

शेळीचे गाभणपणाचे दिवस साधारण 150, म्हणजे पाच महिने. त्यातले पहिले साडेतीन महिने पोटातलं करडू फारसं मागत नाही. त्याची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमकी त्याच वेळी पोटात एक नव्हे, दोन करडं असतात, ती जागा अडवून बसतात आणि शेळीला ढीगभर चारा खाता येत नाही. ज्यांना जुळी झाली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. भूक आहे, गरज आहे, पण पोटात जागा नाही.

अशा वेळी आपल्याकडे गरोदर बाईला काय देतात? थोडक्यात जास्त ताकद मिळेल असं काहीतरी. आणि बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं. शेळीलाही तेच सूत्र लावायचं. तिचा डिंकाचा लाडू म्हणजे भरडलेला मका किंवा ज्वारी अर्धा वाटा, तुरीची चुनी पाव वाटा, शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड पाव वाटा, वर चिमूटभर मीठ आणि चमचाभर क्षारमिश्रण. रोज पाव किलो. एकदम नाही, मुठीपासून सुरुवात करत. लातूर, बार्शीकडे डाळमिली असल्यानं तुरीची चुनी आपल्या भागात मिळते, त्यासाठी लांब जावं लागत नाही.

आता हिशेब करा. रोज पाव किलो, पंचेचाळीस दिवस. सव्वा अकरा किलो झाले. एवढाच खर्च. त्यात करडू दीड किलोचं जन्मतं की सव्वादोन किलोचं, हे ठरतं. दीड किलोचं करडू थंडीत एक रात्र काढत नाही. शिवाय व्यालेल्या शेळीला दूध उतरतं की नाही, तेही याच दीड महिन्यावर अवलंबून असतं.

आणि हे केलं नाही तर? शेळीचं शरीर पोटातल्या पिलांसाठी स्वतःची चरबी वितळवायला लागतं. ती एका मर्यादेपलीकडे गेली की रक्तात विषारी घटक साचतात. शेळी सुस्त होते, खाणं सोडते, भिंतीला डोकं टेकून उभी राहते, तोंडाला गोडसर, नखपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येतो. शेवटच्या महिन्यात, जुळी पोटात असताना हे झालं की शेळी आणि दोन करडं असे तीन जीव एकदम जातात. डॉक्टर सलाईनमधून ग्लुकोज लावतात. लवकर कळलं तर वाचते, नाहीतर नाही. घरी लोकांना वाटतं, वितानाच काहीतरी अडलं.

हे सगळं मी आत्याला सांगत होते तेव्हा ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्या टायमाला मला तरी कुणी दिलं व्हतं गं? सगळ्यांचं झाल्यावर तव्यावरची शेवटची भाकर माझी. शेळीबी माझ्यासंगट तशीच राहिली." त्या घरात गरोदर सून आणि गाभण शेळी दोघी एकाच वेळी होत्या, आणि दोघींनाही उरलंसुरलं मिळत होतं. यावर मी काय बोलणार?

चीक कुणाचा?

शेळी व्याली की पहिलं दूध येतं ते पिवळट, दाट. म्हणजे चीक. आपल्याकडे वार पडेपर्यंत करडाला पाजायचं नाही, असा समज अजूनही पक्का आहे. पाजलं तर वार आत अडकते म्हणे. खरं आहे ते अगदी उलट. करडानं कासेला तोंड लावलं की शेळीच्या शरीरात जो संप्रेरकाचा पाझर होतो, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदतच होते.

तिकडे करडाची अवस्था काय? शेळीच्या पोटात असताना त्याला आईकडून रोगप्रतिकारक शक्ती मिळतच नाही. माणसाच्या बाळाला ती थोडीबहुत वारेतून मिळते, करडाला नाही. त्याला ती चिकातूनच मिळते. आणि ती आतड्यातून रक्तात शोषून घ्यायचं दार फक्त पहिले काही तासच उघडं असतं. तासातासाला ते मिटत जातं, दिवसभरात बंद होतं. वार पडायची वाट बघत चार-सहा तास घालवले तर करडू उपाशी राहतं आणि त्याच्या आयुष्यातली पहिली लसही हुकते. जन्मल्यावर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. दिवसभरात मिळून वजनाच्या एक दशांश, म्हणजे दोन किलोच्या करडाला दोनशे मिली, तीन-चार वेळा विभागून. जुळ्यातलं दुबळं करडू मागे पडतं, त्याला हातानं धरून पाजावं लागतं.

आपल्या आज्या-पणज्या बाळालाही चीक 'खराब दूध' म्हणून पिळून टाकायला लावायच्या आणि मधाचं बोट चाटवायच्या. अंगणवाडीताईंनी वर्षानुवर्षं सांगून सांगून ते आता बऱ्यापैकी थांबवलं. गोठ्यात मात्र ते सांगायला कुणी आलं नाही. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीनं खातो, तेव्हाही वासराचं पोट आधी भरलं का, हे एकदा बघायला हवं. मी खरवस सोडा म्हणत नाही. मला तो भारी आवडतो.

पहिल्या पावसाचं हिरवं

उन्हाळाभर कडब्याच्या कांड्या, बाभळीच्या शेंगा आणि लिंबाचा पाला यावर जगलेली शेळी मृग बरसला की वेड्यासारखी हिरव्यावर तुटून पडते. बघायला छान वाटतं. आणि मग चार-आठ दिवसांत कळपातलं सगळ्यात गुटगुटीत करडू सकाळी मरून पडलेलं दिसतं. हाच आंत्रविषार. याचे जंतू बाहेरून यावे लागत नाहीत. ते आतड्यात असतातच, गप्प बसलेले. लुसलुशीत गवत किंवा धान्य एकदम भरपूर मिळालं की ते वाढतात आणि विष सोडतात. जो जास्त खातो तो आधी जातो, म्हणून गुटगुटीत करडू. पावसाळ्यापूर्वी याची लस टोचून घ्यायची असते. आणि लस टोचली तरी पहिले आठ दिवस सकाळी थोडी वाळली वैरण घालून मगच शेळ्या सोडायच्या. हे काम सुई टोचण्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते डॉक्टर करू शकत नाहीत.

ज्वारीचंही तसंच. पावसानं ताण दिलेली, गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर बुडख्यातून फुटलेले पोंगे यात सायनाइडचं विष तयार होतं. जनावर खाऊन बांधावरच थरथरत कोसळतं, कधी कधी डॉक्टर निघायच्या आतच संपतं. ज्वारी फुलोऱ्यात आली की धोका कमी होतो, वाळवलेल्या कडब्यात तो फारसा राहत नाही. परंडा, भूम भागातल्या जुन्या बायकांना हे पाठ आहे. "पोंग्यात सोडू नकोस," असं सासू सुनेला बजावते. त्यांना सायनाइड हा शब्द माहीत नाही, एवढंच.

पण आता सोयाबीननं ज्वारीची जागा घेतली, तिथे कडबाच कमी झाला. सोयाबीनचं भुसकट काही कडब्याची बरोबरी करत नाही. बायका म्हणतात, शेळी आता सारखी भिंत चाटते, चिंध्या चघळते. "खोड लागली" म्हणून तिला मारतात. ती खोड नव्हे, क्षारांची भूक आहे, कधी जोडीला जंत. क्षारमिश्रणाचा चमचा किंवा गोठ्यात टांगलेली चाटण-वीट, आणि वेळच्या वेळी जंताचं औषध, एवढ्यानं बहुतेकींची खोड जाते.

भूम, कुंथलगिरीच्या खव्याच्या पट्ट्यात गाई-म्हशी जास्त. तिथे दुधाळ गाय विल्यावर एक-दोन दिवसांत मान कुशीत वळवून बसते, अंग गार पडतं. डॉक्टर शिरेतून हळूहळू कॅल्शियम चढवतात आणि तासाभरात ती उठून उभी राहते. गावाला चमत्कार वाटतो. तो दुग्धज्वर. नाव ज्वर, पण ताप अजिबात नाही! दुधात एकदम कॅल्शियम उतरतं आणि रक्तात उरत नाही, म्हणून हे होतं. चमत्कार चांगला, पण तो दर वितीला करावा लागत असेल तर गाभणपणातल्या खुराकात चूक आहे, असं समजावं. घरच्या घरी बाटली चढवायचा उद्योग मात्र कुणी करू नये, भरभर गेलं तर हृदय बंद पडतं.

दुष्काळात कोण काय विकतं?

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. 2012-13, 2015-16, 2018-19 हे दुष्काळ आठवत नसतील अशी बाई इथे सापडायची नाही. छावण्यांत जनावरांना मुख्यतः ऊस आणि उसाचे वाढे मिळायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची जनावरं तर दरवर्षी काही महिने वाढ्यांवरच असतात. पोट भरतं, नाही असं नाही. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते शरीरातलं कॅल्शियम पकडून बाहेर नेतं. मग दूध घटतं, हाडं ठिसूळ होतात, माज वेळेवर येत नाही. उपाय साधा आहे. वाढे कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची आणि क्षारमिश्रण द्यायचं. नुसते वाढे न देता जोडीला दुसरी वैरण मिळाली तर फारच छान. छावणीत जनावराशेजारी महिना-महिना मुक्काम ठोकून बसलेल्या बायकांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी चुना कुठूनही आणला असता.

सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला, 2012-13 च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशननं मोठी छावणी चालवली. तिची सुरुवात कशी झाली ते चेतना सिन्हा यांनी जाहीर भाषणात सांगितलं आहे. एक बाई त्यांच्या बँकेत दागिने गहाण ठेवायला आली. कशासाठी, तर जनावरांच्या चारा-पाण्यासाठी. सोनं काय खायचं आहे, असा तिचा सवाल होता. बाई आधी सोनं गहाण ठेवते, मग जनावर विकते. हा क्रम हिशेबाच्या कुठल्याच वहीत बसत नाही.

आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुनर्वसनाच्या कामात उतरल्या. त्यातून पुढे प्रेमा गोपालन यांची 'स्वयम शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली. दुष्काळी भागातल्या बायकांनी घरच्यांकडून एखादा एकर मागून घ्यायचा आणि त्यात विकायच्या पिकाआधी खायचं पीक, म्हणजे भाजी, डाळ, ज्वारी घ्यायची, असं हे काम. त्याला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमाताई 2022 मध्ये गेल्या. मला या एकरात एक गोष्ट फार आवडते. बाईच्या हातात जमिनीचा तुकडा आला की तिथे बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ आपोआप येतात. कारण घर आणि गोठा यांचं स्वयंपाकघर ती एकच धरते. सुबाभूळ मात्र एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, त्यातल्या मिमोसिननं केस गळतात. बाकी पाला हा गरिबाच्या शेळीची पेंडच आहे.

हल्ली ट्रेमध्ये मका उगवायचा, हौदात ॲझोला वाढवायचा असे बरेच प्रयोग निघालेत. काही चांगले आहेत. पण मला विचाराल तर ज्या घरात गाभण शेळीला मूठभर चुनी मिळत नाही, तिथे ट्रेचं कौतुक कशाला?

आणि हे सगळं शिकवायचं कुणाला? शेळीपालनाची दोन-तीन प्रशिक्षणं मी मागच्या बाकावर बसून पाहिली. समोर टोप्या आणि मोबाइल, बायका कडेला चार-सहा, त्याही चहाच्या व्यवस्थेत निम्म्या. गाभण शेळीच्या खुराकाचा तक्ता पडद्यावर होता तेव्हा चहा चालला होता! डॉक्टरांनी "काही शंका?" विचारलं, तर पहिला प्रश्न अनुदानाचा. प्रशिक्षण सकाळी दहाला सुरू आणि संध्याकाळी पाचला बंद, म्हणजे शेळ्या राखणारी बाई येणार कशी? आता बचत गटांतून पशुसखी तयार होत आहेत, त्या दारात येऊन सांगतात, जंताचं औषध कधी द्यायचं, लस कधी टोचून घ्यायची. हे मला जास्त पटतं. एक बाई दुसरीच्या गव्हाणीत वाकून बघू शकते. तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, शेजारी उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आजारी जनावरासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे. नंबर गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. फोन केल्यावर पहिलं सांगायचं ते हे, की काल आणि परवा तिनं काय खाल्लं. डॉक्टर विसरले विचारायला तरी आपण सांगायचं.

'अंतरा' नावाची एक संस्था 1990 च्या दशकात नित्या घोटगे आणि सागरी रामदास या पशुवैद्यक बायकांनी सुरू केली. कुठला पाला कुठल्या दुखण्यावर, कुठलं गवत केव्हा घालायचं, हे गावातल्या बायकांकडून ऐकून लिहून ठेवायचं काम त्यांनी केलं. बायकांना सगळंच माहीत असतं असं मी म्हणणार नाही. चिकाची चूक बायकांचीच आहे, आणि भाताचीही. पण त्यांना जे माहीत आहे ते विचारलं गेलं पाहिजे आणि जे माहीत नाही ते सांगितलं गेलं पाहिजे. दोन्ही एकाच बैठकीत होऊ शकतं.

परवा आत्याकडे गेले होते. आता ती सत्तरीची आहे, शेळ्या चारच, पण नेटक्या. दारात सोयाबीन जोखायचा काटा टांगलेला होता आणि त्याच्या हुकाला पोत्याची झोळी करून तिनं एक पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, लटकवली होती. पाठ बें-बें करून वाडा डोक्यावर घेत होती.

"काय चाललंय आत्या हे?"

"वजन बघतेय. पशुसखी सांगून गेली, बावीस किलोच्या आत बोकड दाखवायचा न्हाई. आठ म्हयन्याची झालीय, माजावर बी आलीय, पर अंगात न्हाई काही. करडं बी मरतील अन् ही बी."

काटा एकोणीसवर थांबला. आत्यानं पाठ खाली उतरवली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चुनीचा डबा उघडला.

"पंधराव्या वर्षी माझं लगीन झालं," ती डब्यात हात घालत म्हणाली, "तवा कुणी काटा लावला न्हवता." मग मूठ भरून पाठीपुढे धरली. "खा बाई. तुला अजून टाइम हाय."